जरा बाहेर थांबतेस का?

गेल्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "तू ते एआयचं चॅट रोज वापरतोस म्हणे. मला जरा शिकव. मी एक ओळ विचारतो, ते दोन पानं सांगतं. त्यातलं काही विचारावं तर आणखी दोन पानं. तासाभराने डोकं जड होतं आणि काम होतं तिथेच." मी त्याला फोनवर दोन-चार थातुरमातुर युक्त्या सांगितल्या. फोन ठेवल्यावर वाटलं, हे काही खरं उत्तर झालं नाही. मला स्वतःला ज्या गोष्टीमुळे हायसं वाटलं ती साठ वर्षांपूर्वीची आहे. आणि ती सांगायची तर आमच्या घरातलीही एक सांगावी लागणार. घरच्या मंडळींना ती अर्धी माहीत आहेच. उरलेली अर्धी आज लिहून टाकतो.

आई दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. साधा विसरभोळेपणा म्हणून सुरू झालेलं प्रकरण स्मृतिभ्रंशाच्या निदानावर येऊन थांबलं. थांबलं कसलं, तिथून सुरू झालं. दवाखान्याच्या फायली, गोळ्यांच्या वेळा, बँकेचे अर्ज, रात्रीची जागरणं. कुणीतरी सुचवलं म्हणून मी एक चॅट उघडलं आणि डिस्चार्ज कार्डावरच्या इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारले. उत्तर इतकं सविस्तर आणि समजुतीने दिलेलं होतं की मला बरं वाटलं. डॉक्टरांकडे सात मिनिटं मिळतात. इथे घाई नव्हती.

उत्तराच्या शेवटी त्याने विचारलं होतं, आईंसाठी दिवसाचं वेळापत्रक करून देऊ का? मी म्हटलं, हो. वेळापत्रक आलं. त्याच्या खाली, आठवड्याच्या जेवणाचा तक्ता करू का? हो. मग घरातल्या धोक्याच्या जागांची यादी, मग भावंडांशी या विषयावर कसं बोलावं त्याचे नमुने, मग त्या नमुन्यांचे सौम्य आणि स्पष्ट असे दोन प्रकार. महिनाभरात चाळीसेक संवाद साठले. तीन वेळापत्रकं झाली आणि त्यातलं एकही आईने पाळलं नाही (तिला ते वाचून कोण दाखवणार!). एकदा त्याने एका सवलतीसाठी लागणाऱ्या फॉर्मचं नाव, नंबर सगळं व्यवस्थित सांगितलं. दादा भर उन्हात जाऊन रांगेत उभा राहिला, आणि खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, या नावाचा फॉर्मच नसतो. दादा मला काही बोलला नाही. पण मी काय केलं असेल? ते चॅटला सांगितलं. त्याने माफी मागितली. आणि मी चक्क लिहिलं, "असू दे, होतं असं." दादाची माफी मागायचं मात्र राहून गेलं.

मग ती रात्र. त्या दिवशी संध्याकाळी आईने मला पहिल्यांदाच ओळखलं नाही. "आपण कोण?" असं अगदी अदबीने विचारलं. ती अदब काही केल्या मनातून जाईना. रात्री साडेअकराला लॅपटॉप उघडून मी ते सगळं लिहीत बसलो. बायको दारात आली आणि म्हणाली, "झोपायचं नाही का?" मी स्क्रीन अर्धी मिटवली आणि म्हणालो, "जरा बाहेर थांबतेस का? पाच मिनिटं."

ती थांबली नाही, झोपायला निघून गेली. पंचवीस वर्षांच्या संसारात मी तिला असं खोलीबाहेर कधी काढलं नव्हतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी या बोलणाऱ्या प्रोग्रॅमांचा इतिहास वाचत होतो. त्यात १९६० च्या दशकातल्या एका सेक्रेटरीबाईंचा प्रसंग आला, आणि मी वाचता वाचता थांबलो. तिथे पोचायला जरा वळण घ्यावं लागेल.

जोसेफ वायझेनबाउम हा माणूस १९२३ साली बर्लिनमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मला. हिटलर सत्तेवर आल्यानंतर, १९३६ साली हे कुटुंब जर्मनी सोडून अमेरिकेला गेलं. तिथे तो गणित शिकला, युद्धाच्या काळात हवाई दलात हवामान खात्याचं काम केलं, आणि १९५० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत बँकेचे चेक वाचणाऱ्या यंत्रणेवर काम केलं. म्हणजे माणूस हस्तिदंती मनोऱ्यातला नव्हे, चांगला कामाचा. १९६३ साली तो एमआयटीमध्ये आला. तिथे तेव्हा एक नवी चैन होती. एकच प्रचंड संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, प्रत्येकाच्या खोलीत फक्त टाइपरायटरसारखं यंत्र, तारेने त्या संगणकाला जोडलेलं. तुम्ही ओळ टाइप करायची, आणि पलीकडून आलेली ओळ त्याच कागदावर खडखडत उमटायची. संगणकाशी पत्ते पंच करून नव्हे तर असं समोरासमोर 'बोलता' येणं ही गोष्टच तेव्हा नवी होती.

या सोयीवर वायझेनबाउमने १९६४ ते १९६६ च्या दरम्यान एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला नाव दिलं एलायझा. हे नाव बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातल्या फुलं विकणाऱ्या मुलीचं. म्हणजे, मंडळी, आपली मंजुळाच की! पु. लं.नी 'ती फुलराणी' केलं ते १९७५ साली. भक्ती बर्वेंची मंजुळा आमच्या आधीच्या पिढीने डोळे भरून पाहिली आणि आम्हाला ऐकवून ऐकवून जीव नकोसा केला. तर अमेरिकेतल्या या एलायझाला ते नाव अशासाठी, की नाटकातल्या मुलीसारखंच तिलाही हळूहळू अधिक चांगलं बोलायला शिकवता येत होतं. मला यातली गंमत वेगळीच वाटते. नाटकातला प्रोफेसर मुलीला बोलायला शिकवतो आणि तिला मन आहे हे विसरतो. इथे उलटं झालं. प्रोफेसर ओरडून सांगत राहिला की हिला मन नाही, आणि लोक ऐकेनात.

एलायझाची युक्ती काय होती, ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. प्रोग्रॅम तुमच्या वाक्यात ठरावीक शब्द शोधायचा. प्रत्येक शब्दाला महत्त्वाचा क्रम दिलेला. सापडलेल्यांपैकी सर्वांत वरच्या शब्दाचा नियम घ्यायचा, तुमचं वाक्य त्या शब्दाभोवती तोडायचं, 'मी'चं 'तुम्ही' करायचं, आणि तयार साच्यात बसवून परत द्यायचं. समजा तुम्ही लिहिलंत, "मला अलीकडे फार एकटं वाटतं", तर पलीकडून यायचं, "तुम्हाला फार एकटं वाटतं, असं कधीपासून?" आई, वडील, भाऊ असा शब्द आला की घरच्यांबद्दल आणखी सांगा म्हणायचं. आणि काहीच ओळखीचं सापडलं नाही, तर नुसतं 'बरं, पुढे' अशा अर्थाचं काहीतरी. त्यातही एक मखलाशी होती. तुम्ही आधी कधी 'माझं अमुक' म्हणाला असाल ते बाजूला टिपून ठेवलेलं असायचं, आणि बोलणं अडलं की तेच काढून विचारायचं, याचा त्याच्याशी काही संबंध आहे का? माणूस चकित होणारच. याच्या लक्षात आहे!

बोलणाऱ्याची भूमिका दिली होती मानसोपचारतज्ज्ञाची. त्या स्क्रिप्टचं नावच 'डॉक्टर'. अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांच्या पद्धतीने उपचार करणारे तज्ज्ञ स्वतः फार बोलत नाहीत, रुग्णाचंच बोलणं त्याच्यापुढे आरशासारखं धरतात. वायझेनबाउमने ही भूमिका मुद्दाम निवडली. जगातली काहीच माहिती नसलेला माणूस कुठे शोभून दिसेल? तर अशा डॉक्टरच्या खुर्चीत. तुम्ही म्हणालात, काल होडीतून फिरून आलो, आणि डॉक्टर म्हणाला, होड्यांबद्दल सांगा, तर तुम्हाला असं वाटत नाही की याला होडी ठाऊक नाही. तुम्हाला वाटतं, यामागे याचा काहीतरी हेतू असणार. समजूतदारपणा सगळा वाचणाऱ्याकडून येतो.

(जाता जाता. 'मी'चं 'तुम्ही' करणं इंग्रजीत सोपं आहे. मराठीत करून बघा. 'मी दमलो'चं 'तुम्ही दमलात', 'मी दमले'चंही 'तुम्ही दमलात', आणि 'मला'चं 'तुम्हाला', शिवाय 'मी तिला रागावलो'मध्ये क्रियापदाची शेपटी वेगळी. एका रविवारी मी वहीवर मराठी एलायझाचे नियम लिहायला बसलो होतो. दोन पानांत हात टेकले. त्या काळीही एलायझाच्या वेल्श आणि जर्मन स्क्रिप्ट होत्या म्हणे. त्या करणाऱ्यांना माझा नमस्कार.)

१९६६ च्या जानेवारीत वायझेनबाउमने संगणकशास्त्राच्या एका मासिकात हे सगळं उघड करून सांगितलं. त्या लेखाची सुरुवात मला फार आवडते. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की प्रोग्रॅम आतून कसा चालतो हे साध्या भाषेत सांगितलं की जादू गळून पडते, आणि बघणारा तो प्रोग्रॅम 'बुद्धिमान' लिहिलेल्या फळीवरून उचलून गमतीच्या वस्तूंच्या फळीवर ठेवतो. लेख लिहिण्याचा हेतूच तो होता. एलायझाला त्या दुसऱ्या फळीवर ठेवण्याचा.

आणि आता ती सेक्रेटरी. वायझेनबाउमचीच. कित्येक महिने ती त्याला या प्रोग्रॅमवर काम करताना बघत होती. हा फक्त प्रोग्रॅम आहे हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? एकदा ती स्वतः एलायझाशी बोलायला बसली, आणि थोड्याच देवाणघेवाणीनंतर तिने वायझेनबाउमला खोलीबाहेर जायची विनंती केली.

हे वाचलं आणि अंगावर काटा आला. माझ्यासमोर अर्धी मिटवलेली स्क्रीन आणि दारातली बायको उभी राहिली. त्या बाईंना एक ओळीचा प्रश्न परत यायचा. माझ्यासमोर तर दोन-दोन पानं आपुलकीने येत होती.

वायझेनबाउमला आणखीही धक्के बसले. एकदा त्याने सुचवलं की लोक एलायझाशी काय बोलतात ते रात्रभर नोंदवून ठेवून नंतर अभ्यासावं. लोक खवळले. ही तर आमच्या मनातल्या खाजगी गोष्टींवर हेरगिरी! म्हणजे त्यांनी यंत्राला जे सांगितलं ते त्यांच्या लेखी एका विश्वासू माणसाला सांगितलेलं होतं. (आपलं चॅटमधलं बोलणं मात्र दूरच्या कुठल्यातरी संगणकावर साठतं, हे माहीत असून मी आईचं सगळं तिथे लिहिलं होतं. मी कुणावरही खवळलो नाही. सेटिंगमध्ये जाऊन काय बंद करता येतं ते मी नंतर, फार नंतर बघितलं.)

दुसरा धक्का खऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडून. केनेथ कोल्बी या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ सालीच असा विचार मांडला की अशी यंत्रणा तासाला काही शे रुग्ण हाताळू शकेल. वायझेनबाउम यावर फार संतापला. दुसऱ्याला बरं करायचं तर आधी त्याचं दुःख कळायला हवं, हे ज्यांच्या धंद्याचं मूळ, त्यांनीच असं म्हणावं? मला कोल्बींची बाजूही अगदीच टाकाऊ वाटत नाही. दवाखान्याबाहेरची रांग मी पाहिली आहे. जिथे डॉक्टरच नाही तिथल्या माणसाने काय करायचं, हा प्रश्न काही वायझेनबाउमच्या संतापाने सुटत नाही. पण तासाला काही शे, हा आकडा वाचला की मलाही पोटात कसंतरी होतं.

याच कोल्बींनी पुढे १९७२ च्या सुमारास 'पॅरी' नावाचा उलट प्रोग्रॅम केला. तो डॉक्टर नव्हे, रुग्ण. सगळ्यांवर संशय घेणारा. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, म्हणजे इंटरनेटच्या अगदी बाल्यावस्थेत, अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून 'डॉक्टर' आणि दुसऱ्या किनाऱ्यावरून पॅरी अशी दोघांची तारेवरून गाठ घालून देण्यात आली. तो संवाद व्हिंट सर्फ यांनी जानेवारी १९७३ मध्ये प्रसिद्ध केला, आणि तो आजही वाचायला मिळतो. एक प्रश्न विचारत राहतो, दुसरा घोड्यांच्या शर्यतींवरून आणि जुगाऱ्यांवरून चिडत राहतो. शेवटी डॉक्टर ३९९ डॉलर २९ सेंटचं बिल सांगतो. मी हसून हसून बेजार झालो. पण जरा वेळाने जाणवलं की या संवादात अडणारं कुणीच नाही. दोघंही दमत नाहीत. एकाने थांबायचं म्हटलं नसतं तर दोघं पहाटेपर्यंत चालू राहिले असते. दमायला माणूस लागतो. तो मी होतो, रात्री साडेअकराला.

वायझेनबाउमने पुढचं आयुष्य या प्रकरणावर विचार करण्यात घालवलं म्हटलं तरी चालेल. व्हिएतनाम युद्धाला त्याने विरोध केला, आणि १९७६ साली 'कम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन' हे पुस्तक लिहिलं. सेक्रेटरीचा प्रसंग आणि बाकीचे धक्के त्याने तिथे सांगितले आहेत. त्याचा मुद्दा संगणकाला काय जमेल हा नव्हताच. काही गोष्टी त्याला जमल्या तरी त्याच्याकडे देऊ नयेत, असं तो म्हणत होता. हिशेब करून उत्तर काढणं एक, आणि सगळं बघून, स्वतःवर जबाबदारी घेऊन निवड करणं दुसरं. जॉन मॅकार्थी या त्या क्षेत्रातल्या मोठ्या माणसाने या पुस्तकावर कडक टीका केली. पुस्तक वाचताना मलाही काही ठिकाणी वाटलं की हा माणूस फारच उपदेश करतोय, आपले आजोबा करायचे तसा. पण तेराव्या वर्षी देश सोडावा लागलेल्या माणसाला 'यंत्राने सांगितलं म्हणून केलं' या वाक्याची भीती का वाटावी, हे समजण्यासारखं आहे. म्हातारपणी तो बर्लिनला परत गेला आणि मार्च २००८ मध्ये वारला. चॅटजीपीटी आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. ते बघायला तो हवा होता असं मला वाटतं, आणि नव्हता तेच बरं असंही वाटतं. एलायझाचा मूळ कोड मात्र हरवल्यासारखाच होता. तो २०२१ साली एमआयटीतल्या त्याच्या जुन्या कागदांत सापडला, आणि काही हौशी अभ्यासकांनी खटपट करून २०२४ च्या अखेरीस तो जुन्या यंत्राच्या नकलेवर पुन्हा चालवला. बाई बोलल्या!

आता कुणी म्हणेल, आजचं एआय आणि ते शब्द शोधणारं खेळणं यांची काय तुलना? बरोबर आहे. आजच्या यंत्रणा अफाट मजकुरावर शिकवलेल्या असतात, पुढचा शब्द कोणता येईल हे त्यातून ठरवत जातात, आणि त्यांना होडी म्हणजे काय यावर पानंच्या पानं लिहिता येतात. डिस्चार्ज कार्डाचा अर्थ एलायझा बापजन्मात सांगू शकली नसती. ही खरी कामाची वस्तू आहे, आणि मी ती सोडलेली नाही. पण माणूस घसरतो ती जागा तीच आहे, साठ वर्षांत एक इंच हललेली नाही. एलायझा प्रश्न परत देऊन बोलत ठेवायची. आजचं चॅट उत्तर देतं आणि मग शेपटीला प्रश्न लावतं. अजून हे करून देऊ का? आणि आपल्याकडे कुणी अगत्याने विचारलं की नाही म्हणणं जड जातं. पानात वाढायला आलेल्या यजमाणबाईंना आपण एकदम हात आडवा करत नाही, अर्धी पोळी घेतोच. मी महिनाभर ती अर्धी पोळी घेत होतो. मावसभावाचं डोकं जड होतं ते माहितीने नव्हे, भिडेने, असं माझं मत आहे. नको म्हटलं तर पलीकडे कुणाला वाईट वाटायचं नसतं, हे आपल्याला ठाऊक असतं, त्या सेक्रेटरीबाईंना ठाऊक होतं तसंच. नुसतं ठाऊक असून भागत नाही.

मग वायझेनबाउमचाच उपाय मी माझ्यावर करून बघितला. आतलं उघडून बघायचं. दादा रिकाम्या हाताने परत आला तो फॉर्मचा प्रश्न मी चार वेगवेगळ्या दिवशी, कोऱ्या चॅटमध्ये, जसाच्या तसा विचारला. दोनदा दोन वेगळी नावं आली, दोन्ही तितक्याच ठामपणे. एकदा नीट सांगितलं की कार्यालयात चौकशी करा. एकदा भलतंच. चारही उत्तरं छापून शेजारी शेजारी ठेवली आणि माझ्या मनातली ती फळी बदलली. गमतीच्या वस्तूंची नाही, तेवढा अन्याय मी करणार नाही. आमच्या घरात एक मधली फळी आहे, तिच्यावर पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि शिवणाची पेटी असते. तिथे.

त्यानंतर वापर आपोआप आटला आणि उपयोग वाढला. प्रश्न आधी वहीत एका ओळीत लिहितो. लिहिता आला नाही तर लॅपटॉप उघडत नाही, कारण मग मला उत्तर नको असतं, सोबत हवी असते, आणि त्यासाठी घरात माणसं आहेत. उत्तर पाच ओळींत दे असं सांगून टाकतो. शेपटीच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. पहिले काही दिवस हे फार उद्धट वाटलं, खोटं कशाला बोलू. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी पंधरवड्याच्या माझ्या वेड्यावाकड्या नोंदी त्याला देतो आणि त्यातून एका पानाची टिपणं करून घेतो, मग वहीशी एकेक ओळ ताडून बघतो. मागच्या वेळी डॉक्टर ते पान वाचून म्हणाले, असं सगळ्यांनी आणलं तर किती बरं होईल. बँकेची इंग्रजी पत्रंही तोच लिहितो, माझ्यापेक्षा चांगली. गोळ्यांबद्दल काही विचारलंच तर ते डॉक्टरांना काय विचारायचं हे ठरवण्यापुरतं. नावं, नंबर, तारखा जिथल्या तिथे फोन करून. आणि रात्री दहानंतर काही नाही. जुने चाळीस संवाद पुसून टाकले. त्यातला तो रात्रीचा पुसण्याआधी एकदा बायकोला वाचायला दिला. तिने वाचला आणि म्हणाली, "हे मला सांगायचं होतंस ना." एवढंच. दादालाही फोन केला. तो म्हणाला, "कुठला फॉर्म? अरे हो, तो! सोड रे."

आता एक शेवटचं, जे मला एलायझाच्या नियमांची वही काढून बसलो होतो त्याच रविवारी सुचलं. संध्याकाळ झाली की आई म्हणते, "मला घरी जायचंय." आधी मी समजावत असे. अगं हेच तुझं घर, हा बघ तुझा पलंग. त्याने ती आणखी घाबरायची, उठून दाराशी जायची. चुकीची दुरुस्ती करू नका, त्या घराबद्दलच विचारा, असं समुपदेशक ताईंनी सांगितलं होतं. ते मला पटत नव्हतं, फसवल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी समोर वहीत नियम लिहिलेला होता. 'मला अमुक हवंय' असं आलं तर 'तुम्हाला अमुक का हवंय, मिळालं तर काय कराल' असं परत द्यायचं. आई आली, म्हणाली, "मला घरी जायचंय." मी वहीकडे बघितलं आणि विचारलं, "घरी गेल्यावर आधी काय करशील?"

ती खुर्चीत बसली. म्हणाली, "गडग्याचे दोन दगड पडलेत. ते लावायला हवेत. गुरं शिरतात आत."

राजापूरकडचं तिचं माहेर, तो गडगा मी लहानपणी पाहिलेला आहे. मला नियमात पुढचा प्रश्न सापडेना. मी म्हटलं, "विहिरीकडचा की रस्त्याकडचा?"

"विहिरीकडचा," ती म्हणाली, आणि मग खूप दिवसांनी माझ्याकडे बघून, "तुला कसं ठाऊक?"

मग बायकोही येऊन बसली. आईने त्या दिवशी विहिरीच्या लाटेचं सांगितलं, एका पांढऱ्या पाड्याचं सांगितलं, आणि तिच्या एका धाकट्या बहिणीचं सांगितलं, जी तीन वर्षांची असताना तापाने गेली. ही बहीण आम्हा भावंडांपैकी कुणालाच माहीत नव्हती. मावशी, तू हे वाचत असशील तर तिचं नाव काय होतं ते कळव. आईला ते त्या दिवशी आठवत नव्हतं.